पतेतीची सुटी

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालाकरितां सार्वजनिक सुट्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत १५ ऑगस्ट ही तारीख दोन वेळां आली होती. एकदां स्वातंत्र्यदिनापुढें आणि एकदां पारशी नववर्षदिनापुढें. २०२५ च्या यादींतहि हाच योग होता. पारशांच्या पंचांगांत अधिक दिवस धरीत नाहींत. त्यामुळें त्यांचा नवरोज दर चार वर्षांनीं एक दिवस मागें सरतो. १५ ऑगस्टचा त्याचा हा मुक्काम २०२७ पर्यंतचा आहे. तोंवर ही सुटी यादींत आहेहि आणि नाहींहि. ज्या दिवशीं सर्व कचेऱ्या बंदच असावयाच्या त्या दिवशीं त्या आणखी एका कारणानें बंद राहिल्या, एवढाच काय तो फरक.

ही यादी पाहून आमच्या एका स्नेह्यांनीं सहज प्रश्न केला, "ही सुटी अशीच कायमची वजा झाली, तर कोणाचें काय बिघडेल?" प्रश्नांत द्वेष नव्हता, हिशेब होता. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर आणि तींत पारशी ४४,८५४. म्हणजे दहा हजारांत चार. साऱ्या हिंदुस्थानांत मिळून ते ५७,२६४ भरले. १९४१ सालीं हाच आंकडा १,१४,८९० होता. दहा हजारांतील चौघांकरितां उरलेल्या नऊ हजार नऊशें शहाण्णव जणांनीं पेढ्या, शाळा व कोर्टें कां बंद ठेवावीं? प्रश्न वरवर जितका सोपा दिसतो तितका तो नाहीं. अल्पसंख्य समाजाचा सण सर्वांची सुटी असावी कीं नाहीं, हें ठरवितांना संख्या हें माप धरावें काय, हा त्यांतील खरा मुद्दा आहे. आणि तो सोडवावयाचा तर सरकारी सुटी ही वस्तु आपल्याकडे आली कशी, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सरकारी सुटीचा कायदेशीर आधार सणावारांच्या कोणत्याहि कायद्यांत नाहीं. तो आहे हुंड्या, वचनचिठ्या व धनादेश यांच्या कायद्यांत. म्हणजे १८८१ च्या २६ व्या अधिनियमांत, ज्यास आज परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. त्याचें २५ वें कलम एवढेंच सांगतें कीं, हुंडीची मुदत सार्वजनिक सुटीच्या दिवशीं भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशीं भरली असें समजावें. सावकाराचे पैसे बुडूं नयेत आणि ऋणकोवर नाहक ठपका येऊं नये, एवढ्याकरितां सुटी म्हणजे काय हें कायद्याला सांगावें लागलें. कोणाच्या देवाधर्माचा मान राखणें हा त्याचा हेतु नव्हता.

पण व्याख्या करतांना त्या कायद्यानें जें केलें तें मोठें बोधप्रद आहे. मूळ कलमांत रविवार, इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे हे दिवस नांवानिशीं घातले होते. नाताळ किंवा वर्षारंभ रविवारीं आला, तर पुढचा सोमवारहि सुटीचा धरावा अशी सोयहि होती. बाकीच्यांचे सण मात्र सरकार राजपत्रांतून जाहीर करील तेव्हां आणि तितकेच. दिवाळी, मोहरम, पतेती यांपैकीं एकाचेंहि नांव कायद्यांत नव्हतें. ख्रिस्ती लोक हे त्या काळींहि हिंदुस्थानांत अल्पसंख्यच होते. पण त्यांचे सण कायद्याच्या हक्कानें आले आणि कोट्यवधि हिंदु-मुसलमानांचे सण सरकारच्या मर्जीनें आले. तेव्हां या देशांत सुट्यांचें माप आरंभापासूनच संख्येचें नव्हतें. तें सत्तेचें होतें. स्वराज्य आल्यावर १९५५ च्या दुरुस्तीनें नववर्ष, नाताळ व गुड फ्रायडे हे शब्द त्या कलमांतून गाळले गेले. रविवार तेवढा राहिला आणि इतर सर्व सण एकाच ओळींत, म्हणजे सरकारी अधिसूचनेच्या दारांत, उभे राहिले. हा बदल लहान दिसतो. पण कोणाचाहि सण जन्मतः सरकारी नाहीं, हें तत्त्व त्यानें प्रथम मान्य केलें.

रविवाराची गोष्टहि अशीच विचार करण्यासारखी आहे. आज तो कोणाचा वार आहे असें कोणी विचारीत नाहीं. परंतु मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें मजुरांच्या सभा भरवून, अर्ज करून ही मागणी पुढें मांडली आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढल्याच सालच्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्याच्या विसाव्याचें तत्त्व सर्व देशभर लागूं झालें. हा वार राज्यकर्त्यांच्या धर्माचा, म्हणून आमच्या मजुरांनीं तो नाकारला नाहीं. रविवार हा खंडोबाचाहि वार आहे. ज्याला जेजुरीस जावयाचें तो जेजुरीस गेला, ज्याला पाठ टेकावयाची त्यानें पाठ टेकली. एका लहान समाजाच्या उपासनेचा दिवस साऱ्या श्रमिकांच्या विश्रांतीचा दिवस झाला आणि त्यामुळें कोणाचाहि धर्म बुडाला नाहीं. 'त्यांच्या सणाची सुटी आम्हांला कशाला?' असें म्हणणाऱ्यांनीं दर आठवड्याला येणाऱ्या या उत्तराकडे एकवार पाहावें.

आतां पारशांच्या नववर्षाकडे वळूं. यांत पहिली अडचण नांवाचीच आहे. आपण ज्या दिवसास पतेती म्हणतों तो दिवस खरोखर पतेतीचा नव्हे. 'पतेत' म्हणजे पश्चात्ताप. सरत्या वर्षाच्या अखेरच्या दिवशीं झाल्यागेल्या पापांची कबुली द्यावयाची, तो दिवस पतेती. दुसऱ्या दिवशीं उजाडतो तो नवरोज. मुंबईकरांनीं पश्चात्तापाचें नांव आनंदाच्या दिवसास दिलें आणि पारशांनींहि तें हंसून चालवून घेतलें. शेजारघरच्या दाराला तोरण लागलेलें, उंबऱ्याशीं चुन्याचे ठसे उमटलेले, अगियारीकडे सुखड घेऊन निघालेलीं माणसें आणि दुपारीं आपल्याकडे झांकून आलेली रव्याची व शेवयांची ताटली, एवढें पाहून आपण 'पतेती मुबारक' म्हणतों. म्हणजे खरें पाहतां त्यांना पश्चात्तापाबद्दल मुबारकी देतों! इतकीं वर्षें सुटी घेऊनहि आपलें ज्ञान येथवरच आलें आहे.

दुसरी अडचण याहून मोठी. नवरोज कोणता? पारशांचा शक यज्दगर्द या शेवटच्या सासानी बादशहाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. ६३२ पासून चालतो. वर्ष ३६५ दिवसांचें. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर त्यांच्या गाथांच्या नांवांचे पांच दिवस. वर्षास जो पाव दिवस उरतो तो भरून काढण्याकरितां १२० वर्षांनीं एक अधिक महिना धरावा, अशी जुनी समजूत. हिंदुस्थानांत आलेल्या पारशांनीं असा महिना एकदां धरला. इराणांत राहिलेल्यांनीं धरला नाहीं. पुढें दोन्हीकडे ही गोष्ट विस्मृतींत गेली. इ. स. १७२० च्या सुमारास जामास्प नांवाचे एक विद्वान दस्तूर इराणांतून सुरतेस आले, तेव्हां इकडचें पंचांग इराणच्या पंचांगाहून बरोबर एक महिना मागें चाललेलें आढळलें. १७४५ मध्यें सुरतेच्या कांहीं पारशांनीं इराणचें तें पंचांग स्वीकारलें. ते कदमी झाले. बाकीचे शहेनशाही राहिले.

एका महिन्याचा हा वाद किती पेटावा? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत तो मुंबईंत आला. कदमींच्या बाजूनें मुल्ला फिरोज यांच्यासारखा फारसीचा गाढा पंडित आणि शहेनशाहींच्या बाजूनें दस्तूर एदलजी संजाणा उभे राहिले. सभा भरल्या, ग्रंथ निघाले आणि नुकत्याच जन्मलेल्या गुजराती वृत्तपत्रांना या 'कबिसा'च्या वादानें खाद्य पुरविलें. अधिक महिना धर्मसंमत आहे कीं नाहीं, एवढ्यावरून एकाच अग्नीपुढें हात जोडणारीं माणसें दोन तट करून बसलीं. पुढें १९०६ सालीं खरशेदजी कामा यांनीं फसली पंथाचा पुरस्कार केला. ऋतूंशीं मेळ राखून २१ मार्च हाच नवरोज धरावा आणि लीप वर्षाचा दिवस मोजावा, असें त्यांचें म्हणणें. अशा रीतीनें या चिमुकल्या समाजाचे वर्षारंभ तीन झाले. २०२४ सालचेच पाहा: फसलींचा २१ मार्च, कदमींचा १६ जुलै आणि शहेनशाहींचा १५ ऑगस्ट.

महाराष्ट्राच्या यादींत पारशी नववर्षदिनापुढें कंसांत 'शहेनशाही' हा एक शब्द असतो. पुष्कळांची नजर त्यावरून घसरून जाते. आमच्या मतें साऱ्या यादींत त्याच्याइतका अर्थपूर्ण शब्द दुसरा नाहीं. अडीचशें वर्षांहून जुन्या वादांत सरकारला येथें बाजू घ्यावी लागली आहे. शहेनशाही पंथ मोठा, म्हणून सुटी त्याची. कदमी व फसली यांनीं आपापल्या नवरोजाला रजेचा अर्ज करावा. अल्पसंख्यांना न्याय द्यावयास निघालेल्या यादीला अल्पसंख्यांतील अल्पसंख्यांपुढें बहुसंख्येचेंच माप वापरावें लागतें, ही गोष्ट आमच्यासारख्या सुटीच्या कैवाऱ्यांनीं प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. न्यायाची पायरी कोठें तरी थांबतेच. ती कोठें थांबवावी, एवढेंच माणसाच्या हातीं आहे.

इतर देशांनीं ही पायरी कोठें थांबविली, हें पाहणें उपयोगाचें होईल. सिंगापुरानें १९६८ सालीं कामाचे दिवस वाढविण्याकरितां सोळा सुट्यांच्या अकरा केल्या. त्या वेळीं काट सर्वांनाच लागली. ख्रिस्त्यांचा ईस्टरचा सोमवार गेला, मुसलमानांची पैगंबरजयंती गेली आणि हिंदूंना दीपावली राखून तैपूसम सोडावा लागला. सोडणें कोणालाच रुचलें नसेल. पण प्रत्येकानें कांहीं तरी सोडलें, म्हणून तें निभलें. त्रिनिदादनें दुसरी रीत धरली. तेथें १८४५ पासून गिरमिटी मजूर म्हणून हिंदी लोक गेले. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनीं, १९६६ सालीं, तेथील सरकारनें दिवाळी आणि ईद या दोन्ही सार्वजनिक सुट्या केल्या. स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट नांवाच्या एका गरीब पंथाची उपासना तेथें १९१७ पासून १९५१ पर्यंत कायद्यानें बंद होती. त्याच पंथाच्या मुक्तिदिनाची ३० मार्चची सुटी १९९६ पासून सर्व देश पाळतो. ज्यांच्या भजनाला काल पोलिस बंदी करीत होते, त्यांच्या नांवानें आज पोलिसकचेरीच्या कारकुनासहि सुटी मिळते. सुटी ही केवळ विश्रांति नव्हे, ती कधीं कधीं राज्यानें केलेली क्षमायाचनाहि असते, हें येथें दिसतें.

तिसरें उदाहरण ऑस्ट्रियाचें आणि तें सावध करणारें आहे. त्या कॅथलिक देशांत गुड फ्रायडेची पगारी सुटी फक्त प्रॉटेस्टंट आदि चार लहान पंथांच्या अनुयायांना होती. या पंथांबाहेरच्या एका नोकरानें हरकत घेतली कीं, त्या दिवशीं काम करूनहि मला अधिक मोबदला कां नाहीं? जानेवारी २०१९ मध्यें युरोपीय न्यायालयानें हा धर्मावरून केलेला भेदभाव ठरविला. तेव्हां सरकारनें काय करावें? सुटी सर्वांना देण्याऐवजीं ती सर्वांचीच काढून घेतली आणि ज्याला हवा त्यानें आपल्याच वार्षिक रजेंतून एक दिवस 'स्वतःचा' म्हणून निवडावा, असें ठरविलें. 'ज्याचा सण त्याला सुटी' हें सूत्र ऐकावयास फार न्याय्य वाटतें. पण एका समाजापुरती राखलेली सवलत समतेच्या पहिल्याच धक्क्यासरशीं कशी कोसळते, हें ऑस्ट्रियानें दाखविलें. जी सुटी सर्वांची असते तिचा हेवा कोणी करीत नाहीं.

आपल्याकडेहि हा प्रश्न न्यायासनापुढें गेलेला आहे आणि तोहि दादरा व नगर हवेली या एकाच चिमुकल्या प्रदेशावरून. २०१९ च्या एप्रिलांत तेथील प्रशासनानें गुड फ्रायडे हा दिवस सार्वजनिक सुट्यांतून काढून ऐच्छिक रजेंत टाकला, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयानें तो पुन्हा सार्वजनिक सुटी करावयास लावला. २०२२ च्या जानेवारींत त्याच प्रदेशाच्या २ ऑगस्ट या मुक्तिदिनाची सुटी मागणारा अर्ज मात्र त्याच न्यायालयानें फेटाळला; सार्वजनिक सुटी मिळण्याचा मूलभूत हक्क कोणालाहि नाहीं आणि आपल्याकडे सुट्या आधींच फार झाल्या आहेत, असें मत त्यानें दिलें. हे दोन निर्णय एकमेकांविरुद्ध आहेत असें कित्येकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सुटी हा हक्क नव्हे, हें खरें; परंतु राज्य एकदां सण मानावयास बसलें म्हणजे पंक्तिप्रपंच करूं नये, हेंहि तितकेंच खरें. यजमानानें पंगत घातलीच पाहिजे असें नाहीं. पण घातल्यावर एका पानावर तूप वाढून दुसरें कोरडें ठेवणें त्याला शोभत नाहीं.

सुटीविरुद्ध एक आक्षेप मात्र आम्हांस खरा वाटतो. तो रोजंदारीवर पोट असलेल्यांचा. सरकारी नोकराला सुटीचा पगार मिळतो. बांधकामावरच्या बाईची त्या दिवसाची मजुरी जाते. कोर्टाची तारीख लांबते ती गरीब पक्षकाराची. सुट्यांची यादी लांबवितांना या लोकांना कोणी विचारीत नाहीं. केंद्र सरकार आपल्या नोकरांस वर्षांतून दोन ऐच्छिक रजा देतें. ज्याला जो सण पाळावयाचा तो त्यानें निवडावा. उपासनेचें स्वातंत्र्य हाच एक हेतु असेल, तर तो एवढ्यानें बव्हंशीं साधतो. आणि ही सवलत कदमी, फसली, ज्यू, शीख, कोणीहि असो, त्याला मागितल्यावर बिनतक्रार मिळाली पाहिजे. येथें संख्येचा प्रश्नच येत नाहीं. एकच माणूस असला तरी त्याला आपल्या देवापुढें जावयास मोकळीक हवी.

पण सार्वजनिक सुटीचा हेतु याहून निराळा आहे. ती पाळणाऱ्यापेक्षां न पाळणाऱ्याशीं अधिक बोलते. 'तुझ्या शहरांत आणखी कोणी राहतो,' एवढें ती त्याला वर्षांतून एकदां सांगते. पारशांच्या आगमनाविषयीं दुधांत साखर विरघळल्याची गोड कथा सर्वांस ठाऊक आहे. ती त्यांच्या 'किस्से संजाण' या जुन्या काव्यांत नाहीं, पण लोकांच्या मनांत ती पक्की बसली आहे. त्या कथेंत एक धोका आहे. विरघळलेली साखर दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं तें विसरलें जातें. मुंबईची गोदी बांधावयास लवजी वाडिया १७३६ मध्यें सुरतेहून आले. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं या शहरांत पहिली कापडगिरणी काढण्याची कंपनी उभारली. 'मुंबई समाचार' १८२२ पासून निघतो आहे तो फर्दुनजी मर्झबान यांच्यामुळें. ज्या समाजाची घडण या शहराच्या घडणींत इतकी मिसळून गेली, त्याचा एक दिवस यादींत असणें हें उपकारांची फेड म्हणून नव्हे, तर ओळख म्हणून योग्य आहे. म्हणून आमचें मत असें कीं, सार्वजनिक सुटी संख्येवर ठरवूं नये. त्या स्थळाच्या इतिहासांत त्या समाजाचा वाटा काय, यावर ठरवावी. पतेतीची सुटी मुंबईला शोभते. उद्यां ती प्रत्येक प्रांतानें द्यावी असा आमचा आग्रह नाहीं. आणि सुट्या फार झाल्या असें वाटत असेल, तर सिंगापुराप्रमाणें सर्वांच्याच ताटांतलें थोडें थोडें कमी करावें. सर्वांत लहान पान आधीं उचलूं नये.

शेजाऱ्यांनीं मनावर घेतलें म्हणजे तारखेचा प्रश्नहि किती सहज सुटतो, हें मुंबईनें नुकतेंच पाहिलें आहे. २०२३ मध्यें अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशीं, २८ सप्टेंबरला, आलीं. मुसलमान पुढाऱ्यांनीं आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशीं काढण्याचें ठरविलें आणि सरकारनें ईदची सुटी २९ तारखेस नेली. गणपति पोंचले, जुलूसहि निघाला. अशा समजुतीला कोणतेंहि कलम शिकवावें लागत नाहीं.

आतां २०२८ कडे पाहूं. त्या सालीं नवरोज स्वातंत्र्यदिनापासून सुटा होऊन १४ ऑगस्टला, सोमवारीं येईल. सुटी तेव्हां यादींत असली, तर शनिवार-रविवार धरून मंगळवारच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत सलग चार दिवस मोकळे मिळतील आणि लोणावळ्या-महाबळेश्वरच्या गाड्या भरून जातील. त्या वेळीं ही सुटी कशाला, असें विचारणारा एकहि माणूस भेटणार नाहीं, अशी आमची खात्री आहे. हरकत नाहीं, प्रवासास जरूर जावें. मात्र निघण्यापूर्वीं शेजारचें दार वाजवावें आणि 'पतेती मुबारक' न म्हणतां 'नवरोज मुबारक' म्हणावें. दहा हजारांतील चौघांना त्या दिवशीं आपल्याकडून एवढेंच हवें असतें.